मोठा डबा घ्यावा की छोटा? आधी आतला प्लग बघा

पाचोऱ्याच्या एका सरांचा प्रश्न आहे. घरी नवा डेस्कटॉप घ्यायचाय. दुकानदाराने एकाच कंपनीची दोन मॉडेलं दाखवली. दोन्हींत इंटेलचा कोअर आय-५ १२४००, ८ जीबी डीडीआर४ रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि विंडोज ११. एक सडपातळ, टेबलाच्या कडेला वहीसारखं उभं राहणारं. दुसरं नेहमीचं टॉवर. टॉवरला साडेतीन हजार जास्त. मुलगा अकरावी सायन्सला आहे, पुढे इंजिनिअरिंगचा विचार आहे. सर स्वतः संध्याकाळी लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका लावून देतात. "आज लागेल तेवढंच घेतो, पण पाच-सहा वर्षं वाढवत नेता आलं पाहिजे. मोठा डबा घेतला की वाढवायला जागा मिळते, हे खरं ना?"

सर, अर्धंच खरं. माझ्या संगणकाच्या दुकानात काउंटरवर यावल तालुक्यातले एक आबा नेहमी यायचे. नवीन काहीही दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला, "डबा मोठा शे, पन मझार काय शे?" म्हणजे आत काय आहे? तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

कंपनीच्या तयार मशीनमध्ये बऱ्याचदा असं असतं की सडपातळ आणि टॉवर या दोन्हींत मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, एकच असतो. रॅमचे खाचे तेच दोन, एसएसडीची जागा तीच एक, आणि कित्येकदा पॉवर सप्लायही, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी, तोच १८० वॅटचा. वाढतो तो फक्त पत्रा. साडेतीन हजार रुपये पत्र्याचे द्यायचे की नाही, हे ठरवण्याआधी दुकानदाराला टॉवरची बाजूची झाकण-पट्टी उघडायला सांगा. पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला जाणारी मुख्य वायर बघा. तिच्या टोकाला २४ पिनांचा, दोन रांगांचा, बोटभर लांब प्लग असेल तर तो सप्लाय बहुधा साध्या मापाचा, म्हणजे एटीएक्स. उद्या जळगावच्या गोलाणी मार्केटमधून त्याच मापाचा दुसरा कुठलाही आणून बसवता येतो. प्लग सहा, आठ, दहा किंवा चौदा पिनांचा छोटासा असेल तर ते कंपनीचं स्वतःचं माप. मग उद्या जास्त ताकदीचा सप्लाय लावायचा म्हटलं की त्याच कंपनीचा शोधा, मिळेल त्या भावाने घ्या, नाहीतर मधे कन्व्हर्टर लावून देवाचं नाव घ्या.

या एका प्लगवर मी एवढा जोर का देतोय, ते आकड्यांत सांगतो. आय-५ १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं. ती त्याची बेतशीर चाल. जोरात काम आलं की इंटेलच्याच कागदाप्रमाणे तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि यूएसबीला लटकवलेली लहानमोठी यंत्रं यांचे पंचवीस-तीस धरा. झाले साधारण १४५. आता उद्या मुलासाठी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड घातलंत. हे कार्ड ७० वॅटचं, वेगळी वायर लागत नाही, म्हणून तयार मशीनमध्ये घालायला लोकांना फार आवडतं. बेरीज २१५. सप्लाय १८० चा. रोज काही दोन्ही एकदम पूर्ण जोरात पळत नाहीत, कंपन्याही प्रोसेसरला लगाम घालून ठेवतात, त्यामुळे डिसेंबरात चालूनही जाईल. मे महिन्यात, खोलीत पारा बेचाळीसवर असताना, ड्रॉइंग रेंडरला, म्हणजे त्याचं खऱ्यासारखं चित्र बनवायला, लावलं की मशीन मधेच आपोआप बंद पडेल. तुम्ही विंडोजला शिव्या द्याल आणि फॉरमॅट मारायला माझ्याकडे याल.

कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यावरच्या कार्डाला सप्लायकडून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते. १८० च्या सप्लायला ती वायर बहुधा नसतेच. म्हणजे खाच रिकामी दिसते म्हणून वाढवायला वाव आहे असं नाही.

सप्लायच्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, ती वाचायची सवय लावा. मोठ्या अक्षरातल्या वॅटपेक्षा +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड यांना खरी मिळणारी ताकद तीच. हलक्या सप्लायवर "४५०" ठसठशीत छापलेलं असतं आणि गुणाकार केला की अडीचशेही भरत नाहीत. भरताचं वांगं घेताना आपण मोठं पण हाताला हलकं बघतो, हलक्यात बी कमी. सप्लायचं उलट. हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे. आत तांबं आणि लोखंड असल्याचा तेवढाच पुरावा गिऱ्हाइकाच्या हातात असतो.

आता मुलाचं. सर, राग मानू नका, पण इंजिनिअरिंगसाठी म्हणून घरच्या डेस्कटॉपमध्ये वाढवायची जागा ठेवणारे पालक मी खूप पाहिले. मुलगा पुण्याला नाहीतर नाशिकला होस्टेलवर जातो आणि पहिल्याच सत्रात लॅपटॉप मागतो. टॉवर घरी राहतो, त्यावर आई भजनं लावते. तुमचा मुलगा जळगावला रेल्वेने अप-डाऊन करणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हे मशीन त्याचं मुख्य हत्यार असेल आणि कार्डाचा विचार रास्त आहे. त्यातही ऑटोकॅडचं सपाट ड्रॉइंग १२४०० च्या आतल्याच ग्राफिक्सवर चालतं. त्रिमितीची मोठी मॉडेलं आणि रेंडर आलं की मगच कार्ड. तेव्हा कार्डाची गरज पडलीच तर ती दोन-तीन वर्षांनी, आणि तीही त्याने कुठली शाखा घेतली यावर. कॉम्प्युटर सायन्सला गेला तर त्याला कार्डाआधी रॅम लागेल.

वीस वर्षांहून जास्त काळ मी हे डबे उघडतोय. लोक घेताना पाच खाचे मोजतात. पुढे खरोखर वाढवतात त्या दोनच गोष्टी, रॅम आणि डिस्क. म्हणून त्या दोन वाटा मोकळ्या आहेत का, याकडे जरा जास्त वेळ द्या.

रॅमचे खाचे दोन्ही मॉडेलांत दोन असतील असं मी धरतो. त्यात ८ ची एक पट्टी असेल तर एक खाच रिकामी, छान. पण ४-४ च्या दोन पट्ट्या घालून ८ केले असतील तर दोन्ही खाचे भरलेले. उद्या वाढवताना त्या दोन्ही काढून ठेवाव्या लागतात, आणि ४ ची जुनी पट्टी आज फुकटही कोणी नेत नाही. एक मात्र खरं, दोन सारख्या पट्ट्या असल्या की रॅमचा रस्ता दुहेरी होतो आणि आतल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा मिळतो. म्हणून माझं नेहमीचं सांगणं असं होतं: आज एक पट्टी, वर्षाने तशीच दुसरी. रॅम दर वर्षी स्वस्त होते, घाई कशाला.

हे सांगणं मी आता मागे घेतलंय. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की वर्षभर थांबलेल्या गिऱ्हाइकांनी मला तोंडावर ऐकवलं. एआयच्या मोठमोठ्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले, आणि घरच्या संगणकाच्या पट्ट्या महागल्या. डीडीआर४ ची तर तशीही उतरती कळा, नवे बोर्ड डीडीआर५ कडे गेले. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. पिना दोन्हीकडे २८८ च, पण पट्टीच्या मधला काप वेगळ्या जागी असतो. जोर लावून बसवायला गेलेला एक हौशी भाचा माझ्या माहितीत आहे, त्याच्या मामाला बोर्ड बदलावा लागला. तर, पत्रिकांचं काम आणि मुलाचा अभ्यास एकाच मशीनवर होणार असेल तर आजच १६ करून घ्या, दुसरी ८ ची पट्टी लावून. पुढे स्वस्त होईल या आशेवर राहू नका.

डिस्कच्या बाबतीत एक फसगत कायम होते. बोर्डावर एम.२ चे, म्हणजे चपट्या एसएसडीसारख्या पट्ट्या बसतात तसे, दोन खाचे दिसतात आणि दुकानातला पोरगा म्हणतो, "दोन एसएसडी बसतील." त्यातला आखूड खाचा बहुतेक वेळा वायफायच्या कार्डाचा असतो. एसएसडीची जागा एकच, आणि ती आधीच भरलेली. मग वाढवायचं कुठे? साध्या सॅटा, म्हणजे वायरीने जोडायच्या, डिस्कला. इथे टॉवरचा खरा फायदा आहे. त्यात साडेतीन इंची मोठी हार्ड डिस्क बसायला जागा असते. सडपातळमध्ये बहुधा एकच छोटी जागा असते, काहींत तीही नाही. तुमच्यासारख्याकडे दहा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली आहेत. लोक येऊन "मागच्या वर्षी मोठ्या पोरीची केली होती तीच काढा" म्हणतात. तुम्हाला मोठी डिस्क कार्डापेक्षा आधी लागेल.

आणि हे घेतानाच मागून घ्या: त्या डिस्कची वायर आणि डिस्क बसवायचा साचा. तयार मशीनमध्ये डिस्कला वीज पुष्कळदा सप्लायकडून येत नाही. मदरबोर्डावरच्या एका बारीक सॉकेटमधून, खास वायरने येते. ती वायर खोक्यात नसते. नंतर मागवायला जाल तर दोनशे-तीनशेच्या वस्तूसाठी तीन आठवडे थांबाल. माझ्याकडे एक डिस्क अशीच महिनाभर फडताळात पडून होती.

प्रोसेसर पुढे बदलू, हा विचार डोक्यातून काढा. १२४०० ज्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीत, बसतो त्यात १३ वी आणि १४ वी पिढीही बसते, कागदावर. कंपनीच्या बोर्डाचा बायोस, म्हणजे बोर्डातलाच मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, ती ओळखेलच असं नाही, आणि इंटेलने २०२४ मध्ये पुढचं सॉकेट आणल्यामुळे ही गल्ली तिथेच संपते. या बाबतीत एएमडीवाले जास्त दिलदार निघाले. २०१७ च्या एएम४ बोर्डांना २०२२ मध्ये नवा बायोस देऊन रायझन ५००० चे प्रोसेसर चालवून दाखवले. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. दोनच. बाकीच्यांनी बोर्डासकट सगळंच बदललं.

सॉकेटवर भरवसा ठेवायचा नसतो, हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो. २०१८ च्या सुरुवातीला भुसावळचे दोन शेजारी आले. रेल्वेतली माणसं, दोघांचं बजेट सारखंच. एकाला मी आय-५ ७४०० दाखवला, दुसऱ्याला नुकताच आलेला आय-३ ८१००. दोन्ही चार कोअरचे, कामाला जवळजवळ सारखे. पहिल्याला "आय-५" हे अक्षर हवं होतं. मीही म्हटलं, घ्या, सॉकेट दोन्हींचं ११५१ च आहे, पुढे आठव्या पिढीचा टाकू. टाकता येत नाही. भोकं तीच, पण सातव्या पिढीपर्यंतच्या बोर्डावर आठवी पिढी चालत नाही. ते त्यांना नंतर सांगताना माझी मान खाली. त्याहून वाईट पुढे झालं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने रेघ आखली ती नेमकी या दोघांच्या मधून. इंटेलची आठवी पिढी आत, सातवी बाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आय-३ वाल्याने अपडेट मारलं आणि चहा प्यायला. आय-५ वाल्याच्या मशीनमध्ये १६ जीबी रॅम, नवी एसएसडी, सगळं होतं, तरी ते रेघेच्या बाहेर. वाढवण्यावर त्यांनी घातलेला सगळा पैसा त्या एका आकड्यापाशी अडला. एकाच गल्लीत राहतात दोघं, आणि मला अजून त्या गल्लीतून जायला नको वाटतं.

म्हणून दोन सारख्या मॉडेलांत शंका असली तर पिढी नवी ती घ्या, अक्षर छोटं असलं तरी. तुमच्या दोन्हींत प्रोसेसर एकच आहे, तेव्हा तुमच्यापुरता हा वाद मिटला.

खाचेची उंची मात्र बघा. सडपातळ डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. मागची पत्र्याची पट्टी साधारण आठ सेंटिमीटरची, टॉवरमध्ये बाराची. ग्राफिक्सच्या कार्डांत अर्ध्या उंचीची मोजकीच असतात आणि थोडी महाग पडतात. पण मला जास्त त्रास दिलाय तो वेगळ्याच कार्डाने. रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने ऑफिसात जागा वाचावी म्हणून सडपातळ मशीन घेतलं. बिलाचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातला, प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, वायर जाड पॅरलल पोर्टची. नव्या मशीनला तो पोर्ट नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला तर तो जुना प्रोग्रॅम त्याच्याकडे बघेचना. शेवटी पॅरलल कार्ड आणलं, ते पूर्ण उंचीच्या पट्टीचं. अर्ध्या उंचीची पट्टी कुठे मिळेना, म्हणून पट्टी काढून कार्ड तसंच खाचेत उभं केलं. गाड्या भरायच्या वेळी कोणाचा तरी पाय वायरीला लागायचा, कार्ड हलायचं, बिल अर्ध्यात थांबायचं, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत. तुमच्याकडे असं जुनं काही असेल, सिरीयल पोर्टचं कटिंग मशीन वगैरे, तर टॉवरच घ्या. वाढवणं म्हणजे दर वेळी नवीनच काही घालणं नसतं.

उन्हाळ्याचंही टॉवरच्या बाजूने बोललं पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरच्या खोलीतही मशीन तापतं, आणि कूलरची ओल धुळीला चिकटपणा देते. सडपातळ डब्यातला छोटा पंखा जोरात फिरून बोंबलतो. तुमचं घर जिनिंगच्या वाऱ्यावर असेल तर आणखी एक. गेल्या हंगामात धरणगावकडचं एक मशीन उघडलं. पंखा आणि प्रोसेसरवरच्या जाळीच्या मधे कापसाचा असा थर होता की चिमट्याने उचलल्यावर अख्खा सुटून आला, समईच्या दोन वाती वळल्या असत्या. मशीन "स्लो झालंय" म्हणून आलं होतं. टॉवर उघडायला आणि साफ करायला सोपा. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा घरच्या घरी ब्रश फिरवला तरी पुरतं.

अर्थिंग नीट आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कुठलंही मॉडेल घेतलं तरी उपयोग नाही.

तर निवड अशी. टॉवरचा प्लग २४ पिनांचा निघाला तर साडेतीन हजार द्या, डोळे मिटून. मुलगा घरी राहून शिकणार असेल तर पुढे चांगला सप्लाय आणि कार्ड, नाही राहिला तरी तुम्हाला मोठी डिस्क. प्लग कंपनीच्या मापाचा निघाला आणि सप्लाय दोन्हींत तोच असेल, तर जुनं कार्ड, मोठी डिस्क किंवा तापणारी खोली यांपैकी एखादं कारण असेल तरच टॉवर. नाहीतर सडपातळ घ्या, वाचलेले पैसे दुसऱ्या ८ जीबीच्या पट्टीत टाका आणि ग्राफिक्स कार्डाचा विषय घरात काढू नका. डबा उघडूच देत नाही असं दुकानदार म्हणाला, तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल असतं. त्यात खाचे, सप्लाय, वायरी सगळं चित्रासह दिलेलं असतं. रॅम वाढवायला डबा उघडला तर वॉरंटी राहते का, हेही बिलावर लिहून घ्या. तोंडी "राहते हो साहेब" याला अर्थ नाही.

जुळवलेलं, म्हणजे असेंबल मशीन घ्यायचा पर्याय तुम्ही विचारलेला नाही. मीच तो विकतो, म्हणून फार बोलत नाही. एवढंच, त्यात प्लग २४ पिनांचाच असतो.

दुकानात जाल तेव्हा तीन फोटो काढा: सप्लायची चिठ्ठी, मदरबोर्डला लागलेला प्लग, आणि रॅमचे खाचे. चिठ्ठीचा फोटो सरळ समोरून, फ्लॅश बंद करून, म्हणजे १२ व्होल्टचा रकाना वाचता येईल. फोटो टाकलेत की कुठलं मॉडेल ते लगेच सांगतो.